सायीवरची रेघ

"अंबाजींची साय कधी फाटत नाही. तरीही काम होत नाही, म्हणजे दोष तुझ्या हातात आहे, सुहास." सोमवारच्या बैठकीत प्रयोगशाळेच्या प्रमुख माधवी मॅडम हे वाक्य चष्मा पुसता पुसता अगदी शांतपणे बोलल्या, आणि दाराशी चिकटपट्टीची गुंडाळी हातात घेऊन उभ्या असलेल्या अंबाजीच्या छातीत काहीतरी बारीकसे तुटले. वास्तविक ती त्याची स्तुती होती. तळेगावच्या या संशोधन संस्थेत एकवीस वर्षे मदतनीस म्हणून राबल्यावर, दहावीच्या गणिताच्या पेपरात दोनदा नापास झालेल्या माणसाच्या वाट्याला अशी स्तुती चारचौघांत यावी, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ती स्तुती त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेत सुहासच्या पाठीवर आसुडासारखी पडली होती. सुहासने वर पाहिले नाही. एकोणतीस वर्षांचा, केस आत्ताच विरळ झालेला तो तरुण संशोधक समोरच्या वहीतल्या एका चौकोनात पेनाने पुन्हा पुन्हा रेघ ओढत राहिला. मॅडम पुढे म्हणाल्या, "शुक्रवारी समिती बसते आहे. दोन वर्षांत एकही चित्र नसेल, तर तुझी मुदतवाढ मी कोणत्या तोंडाने मागू?" अंबाजीने नकळत हातातल्या गुंडाळीचे टोक नखाने सोलले, आणि ते बोटाला असे चिकटले की बैठक संपेपर्यंत निघाले नाही.

त्याचे काम तसे सांगायला साधे होते. अभ्रकाचा रुपयाएवढा तुकडा घ्यावा, त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि एका दमात ओढावी. पट्टीबरोबर अभ्रकाचा एक पापुद्रा निघून येतो आणि खाली जो पृष्ठभाग उघडा पडतो, त्याला सृष्टीच्या आरंभापासून कोणाचा स्पर्श झालेला नसतो. ओढताना हात कचरला तर त्यावर पायऱ्या पडतात आणि तुकडा वाया जातो. अंबाजीचा हात कचरत नसे. त्या कोऱ्या भूमीवर स्निग्ध द्रव्य मिसळलेल्या पाण्याचा थेंब ठेवायचा, ऊब द्यायची, पाऊण तास थांबायचे, मग सात वेळा हलक्या हाताने धुवायचे. खाली दोन रेणूंच्या जाडीचे एक पटल पसरलेले राहते, आपल्या देहातल्या प्रत्येक पेशीभोवती असते तसलेच. मॅडम त्याला पटल म्हणत. अंबाजीने पहिल्याच वर्षी त्याला साय म्हटले, आणि हसता हसता सगळी प्रयोगशाळाच साय म्हणू लागली. या सायीवर मधमाशीच्या विषातले एक विकर सोडायचे, ते साय खाऊ लागते. कोठून सुरुवात करते, कोणत्या दिशेने सरकते, हे पाहण्यासाठी तळघरात ते यंत्र बसवलेले होते. नावाने सूक्ष्मदर्शक, पण ते डोळ्यांनी पाहत नसे, चाचपून पाहत असे. खडे निवडताना बाईची बोटे तांदळातून फिरावीत तशी एक अदृश्यप्राय सुई सायीवरून ओळीओळीने फिरे, आणि जे हाताला लागले ते तांबूस-सोनेरी रंगात स्क्रीनवर उमटे. एक चित्र पुरे व्हायला आठ मिनिटे लागत. माणसाच्या आयुष्यात आठ मिनिटे म्हणजे काहीच नव्हेत, असे अंबाजी पूर्वी समजत असे.

तळघराच्या जिन्याशी, काचेच्या चौकटीत, सुहासच्या आधी येथे संशोधन करणाऱ्या तेजलने काढलेले चित्र लावलेले होते. सहा वर्षांपूर्वीचे. सोनेरी सायीवर एक काळी सरळ रेघ, तिच्यातून साठ अंशांच्या कोनात फुटलेल्या दोन उपरेघा, जणू कोणी पट्टी धरून आखल्या आहेत. खाली इंग्रजी आणि मराठीत मॅडमचे वाक्य होते : निर्दोष पटलावर विकर आपली वाट आपणच आखते. येणाऱ्या पाहुण्याला प्रथम तेथे उभे केले जाई. अंबाजीही रोज तेथून चार-पाच वेळा खाली उतरे. पहिली काही वर्षे तो त्या चौकटीवरची धूळ फडक्याने पुसत असे. पुढे त्याने ते काम झाडूवाल्या बाईकडे दिले.

"आबा, आज किती गाड्या?" बैठकीनंतर सुहासने यंत्रापुढच्या खुर्चीत बसता बसता विचारले. आवाज नेहमीचाच ठेवण्याची त्याने शर्थ केली होती. हा त्यांच्यातला जुना खेळ. संस्थेच्या मागे फर्लांगभर अंतरावरून लोहमार्ग जातो. यंत्राखालच्या मेजाला हवेच्या उशा लावलेल्या असल्या तरी अवजड मालगाडी गेली की चित्रावर कंगव्याच्या दातांसारखे आडवे ओरखडे उमटत. ती येण्यापूर्वीच अंबाजीच्या तळपायांना समजे. तो चपला काढून फरशीवर उभा राही आणि म्हणे, "थांबा. मालगाडी हाय." सुहास सुई उचले. अर्ध्या मिनिटाने फरशी खरोखरच कुजबुजू लागे. "पायात काय बसवून घेतलंय तुम्ही? पेटंट काढू या," सुहास म्हणे. अंबाजी हसे, पण हे तळपाय त्याचे नव्हते, त्याच्या बापाचे होते. भिमाजी रेल्वेत चावीवाला होता. मळवलीपासून लोणावळ्याच्या अलीकडच्या पुलापर्यंत रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून चालायचे, रुळांच्या सैल चाव्या ठोकायच्या, तडे पाहायचे. चार-पाच वर्षांच्या अंबाजीला त्याने एकदा रुळावर अनवाणी उभे केले होते. "काय लागतंय?" "गार लागतंय." "आजून हुबा ऱ्हा. आता?" आणि मग पायाच्या कातडीखालून मुंग्यांची एक रांग चढत आली होती, अद्याप न दिसणाऱ्या गाडीची. बापाने त्याला उचलून कडेला घेतले. त्या हाताला ग्रीसचा वास होता. आजही तळघरात मालगाडीची चाहूल लागली की अंबाजीच्या नाकात प्रथम तो वास येई, कंप मागाहून.

दुपारी डबा खाताना सुहासने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारले, "आबा, तेजलताईचं चित्र निघालं, त्या दिवशी तुम्ही होता ना तिथं?"

"व्हतो की."

"तिनं वेगळं काय केलं? पाणी तेच, साय तुमचीच, विकर त्याच कंपनीचं. माझं विकर नुसतं बसून राहतं. नाहीतर कडेकडेनं कुरतडतं, उंदरासारखं. रेघ म्हणून येत नाही. मी तिला चारदा मेल केला. ती म्हणते, मी काहीच वेगळं केलं नव्हतं."

"तिनं न्हाई केलं काय वेगळं," अंबाजी म्हणाला. हे अक्षरशः खरे होते, आणि खरे बोलून इतके खोटे ठरता येते याचे त्याला भय वाटले. त्याने लोणच्याची फोड सुहासच्या डब्याच्या झाकणात ठेवली. सुहास ती न खाता म्हणाला, "आईला सांगितलंय की शुक्रवारी होईल सगळं. बाबा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून रोज विचारतात, तुझं ते नक्की काय चाललंय. काय सांगू? साय खाल्ली जात नाही म्हणून सांगू?" आणि तो हसला. अंबाजीलाही हसावे लागले.

त्या दिवसाची स्मृती अंबाजीला घटनेच्या क्रमाने कधीच येत नसे. आधी येई ती बेसिनच्या नळाची धार. भाताची लावणी नुकतीच उरकली होती, त्याच्या नखांत अजून चिखल होता, आणि तेजल बाहेर बेसिनपाशी नळ पूर्ण सोडून रडत होती, रडण्याचा आवाज कोणाला जाऊ नये म्हणून. सकाळी नऊपासून ती यंत्राशी बसली होती. साय सपाट होती, निवांत होती. विकर सोडून तीन तास झाले तरी एक छिद्र नाही. चार वाजता यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होते. "आबा, आज नाही झालं तर मी खरंच सोडून देणार. घरचे लग्नासाठी मागं लागलेतच," असे म्हणून ती उठली होती. यंत्राच्या खोलीत अंबाजी एकटा राहिला. यंत्राला हात लावण्याची त्याला परवानगी नव्हती. परंतु पंधरा वर्षे जो माणूस खांद्यामागून पाहतो त्याला कोणते बटण काय करते ते सांगावे लागत नाही. दाबाचा आकडा वाढवला की सुई चाचपत नाही, नांगरते, हे तो जाणून होता. त्या स्थिर, तृप्त, काहीच न घडणाऱ्या सायीकडे पाहताना त्याला वरच्या खाचरात अडलेले पाणी आठवले. वरचे खाचर तुडुंब भरलेले असते, खालचे कोरडे, आणि मध्ये बांध. अशा वेळी शेतकरी काही मोठे करीत नाही. टाचेने बांध किंचित दाबतो, पाणी आपली वाट आपण काढते. त्याला पाण्याचा अपराध म्हणत नाहीत, टाचेचाही म्हणत नाहीत. अंबाजीने दोन चित्रांमधल्या मोकळ्या वेळात दाबाचा आकडा वाढवला, सुईला एकाच रेषेवर सहा वेळा नेले-आणले, आणि आकडा होता तसा ठेवला. नळ बंद झाला तेव्हा तो दाराशी उभा होता, हात मागे बांधून.

पुढच्या चित्रात रेघ होती. त्याच्या पुढच्यात ती रुंद झाली होती आणि तिला फाटे फुटत होते. तेजल किंचाळली, "आबा! आबा, बघा! सरळ जातंय ते!" तिने त्याचे चिखलाच्या नखांचे दोन्ही हात धरले. मॅडम जिना उतरून धावत आल्या. त्यांना धावताना अंबाजीने त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग ते वाक्य म्हणाल्या, जे पुढे चौकटीत गेले. त्याच क्षणी सांगावयास हवे होते. अंबाजीने मनाशी म्हटले, उद्या सांगू, जरा शांत झाल्या म्हणजे. दुसऱ्या दिवशी तेजलचे वडील लोणावळ्याहून चिक्कीचे दोन किलोंचे खोके घेऊन आले आणि पहिला तुकडा मुलीने अंबाजीच्या तोंडात घातला. तोंडात चिक्की असताना माणूस बोलू शकत नाही. नंतर ती विरघळली, तथापि तोवर बोलण्याची वेळ विरघळून गेली होती. वर्षभराने तो लेख छापून आला. कार्यालयातल्या कारकुनाने शेवटचे आभाराचे पान त्याला मराठीत वाचून दाखवले. अनुदान देणाऱ्यांचे नाव होते, संचालकांचे होते, इतकेच काय, तळघराचे वातानुकूलन दुरुस्त करणाऱ्या माणसाचेही होते. अंबाजीचे नव्हते. तो संतापला. घरी जाऊन जेवला नाही. ज्याने साय पसरली, ज्याने गाड्या ओळखल्या, त्याचे नाव एका ओळीत बसू नये? या अपमानाची त्याने पाच वर्षे जपणूक केली, आणि त्या जपणुकीत दुसरी गोष्ट झाकली गेली. आपल्यावर अन्याय झाला आहे असे एकदा ठरले, की आपण काय केले हे पाहण्याची गरज उरत नाही. आज सोमवारी, मॅडमच्या एका वाक्याने, ते झाकण सरकले होते.

घर भाजे गावात, लेण्यांच्या पायवाटेच्या तोंडाशी. शनिवार-रविवारी बायको शालूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घाली; सोमवार तिचा भांडी घासण्याचा. अंबाजी ओट्यावर बसला तसे तिने विचारले, "तोंड का असं? कुनी काय बोल्लं?"

त्याने सांगितले. सायीचे, दाबाचे, सुहासचे. सहा वर्षांत प्रथमच, आणि तेही बायकोला. तिने कढईतली राख झाडली. "म्हंजी तुमी पोरीला पास केलं आन् आता पोराला नापास करताय."

"तसं न्हाई ते."

"मंग कसं हाय? सांगून टाका की. फाशी देत्यात का काय तुमाला?"

"नोकरी जाईल."

"तीन वर्सं ऱ्हायलीत. गेली तर गेली. हितं चुलीपुढं बसा, भाकऱ्या थापा, लोक तुमचं बी कवतिक करतील." मग घरात जाता जाता, भिंतीकडे बोट करून म्हणाली, "मामंजी बगा. त्यांच्या इमानदारीचं घड्याळ अजून टोलं देतंय."

तिला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नव्हते. भिंतीवरचे ते घड्याळ आणि त्याखालचे काच तडकलेले प्रशस्तिपत्र भिमाजीला रेल्वेने दिले होते : दिनांक अमुक रोजी रुळाचा तडा वेळीच शोधून अपघात टाळल्याबद्दल. लोणावळ्याला समारंभ झाला, गळ्यात हार पडला. आणि मरणाच्या आदल्या वर्षी, अंगणात बाजेवर बसून, भिमाजीने मुलाला सांगितले, की तडा सापडला त्याच्या आदल्या सकाळी तो शेवटचा मैल चाललाच नव्हता. अंगात ताप होता, तो गेटमनच्या खोलीत बसून परत फिरला. दुसऱ्या दिवशी तडा पाहिला तेव्हा त्याच्या कडा गंजलेल्या होत्या. एका रात्रीत इतका गंज चढत नाही. त्यावरून चोवीस तास गाड्या गेल्या होत्या. "सायेब पाठ थोपटत व्हता," बाप म्हणाला होता, "आन् मला त्या डब्यातली मानसं दिसत व्हती, शेंगा खानारी." घड्याळाचा टोल पडला की बाप मान खाली घाली. अंबाजीला लहानपणी वाटे, बाप टोल मोजत आहे.

मंगळवार गेला. बुधवारी सकाळी त्याने मॅडमच्या खोलीचे दार वाजवले. त्या काहीतरी तपासत होत्या. वाक्य त्याने वाटेत, मळवली ते तळेगाव, गाडीत उभ्याने जुळवून आणले होते, शुद्ध भाषेत. परंतु टेबलापुढे उभे राहिल्यावर ते विस्कटले. "मॅडम, ते तेजलताईंचं चित्र. ती रेघ... ती म्या पाडली. दाब वाढीवला व्हता. सुई सहा येळा फिरवली. मंग त्येनं तितनं खाल्लं. आपणहून न्हाई."

मॅडमच्या हातातली पेन्सिल थांबली. मग त्या हसल्या, आणि ते हसणे इतके मायेचे होते की अंबाजीला पाय मागे घ्यावेसे वाटले. "अंबाजी, तुम्हाला सुहासचा लळा आहे, मला माहीत आहे. पण त्याच्यासाठी असं काहीतरी अंगावर घेऊ नका."

"न्हाई मॅडम, खरंच—"

"दाब कुठून वाढवतात हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

त्याला माहीत होते. डाव्या बाजूची तिसरी चौकट, हिरव्या आकड्यांची. त्याचे बोट आपोआप उचललेही गेले, टेबलावरच्या हवेत. पण मॅडम त्या बोटाकडे अशा पाहत होत्या, जसे कोणी लहान मुलाने कपाटाची किल्ली तोंडात घालू नये म्हणून पाहावे. बोट खाली आले. "सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "ते चित्र जगभर गेलंय. चौदा ठिकाणी त्याचा आधार घेतलाय. तुमच्या आठवणीत काहीतरी मिसळलं असेल. होतं असं. हे बाहेर कुणापुढं बोलू नका, लोक हसतील तुम्हाला, आणि मला ते आवडणार नाही." पेन्सिल पुन्हा चालू लागली. जिना उतरताना अंबाजीला जाणवले, की आभारात नाव नसल्याचे दुःख हे पूर्ण दुःख नव्हतेच. चांगल्यात त्याला कोणी धरले नव्हते, आता वाईटातही धरीत नव्हते. या इमारतीत आपल्या हातून काही घडू शकते, एवढे मानायलाच येथे कोणी तयार नव्हते.

म्हणून गुरुवारी त्याने दाखवायचे ठरवले. सांगणे हे शिकलेल्यांचे साधन आहे, आपले नव्हे, असे त्याने मनाशी म्हटले. सुहासला सत्य दिसले, की तो ते शुक्रवारी समितीपुढे ठेवील : तसे चित्र पुन्हा येत नाही ते माझ्या हातामुळे नव्हे, ते मुळात तसे नव्हतेच म्हणून. मुलगा सुटेल. आपले जे व्हायचे ते होईल. सकाळपासून त्याने अशी साय पसरली, की तशी आयुष्यात पसरली नव्हती. एकाच ओढीत पापुद्रा निघाला, अखंड, माशीच्या पंखासारखा. सातवे धुणे झाल्यावर त्याने अभ्रकाचा तुकडा यंत्राखाली ठेवला, सुहासने विकर सोडले, आणि दोघे बसून राहिले. एक तास. दीड तास. स्क्रीनवर सोनेरी माळरान, वारा नाही, वाट नाही.

"झालं," सुहास म्हणाला. "उद्या सांगतो त्यांना, नाही जमलं. तळेगावात शिकवण्या घेईन."

"सरका जरा," अंबाजी म्हणाला.

"काय?"

"सरका म्हनलं. आन् नुसतं बगा. मधी बोलू नगा."

त्याने चपला काढल्या. खुर्चीत तो बसला नाही, उभाच राहिला. फरशी थंड होती, गाडी नव्हती. त्याने हिरव्या आकड्यांच्या चौकटीत आकडा वाढवला, रेष निवडली, आणि मोजले, मोठ्याने, बाप चाव्या मोजी तसे : येक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग आकडा होता तसा केला आणि बाजूला झाला. "आता घ्या चित्र."

आठ मिनिटे. ओळीमागून ओळ वरून खाली उतरत आली, आणि मध्यावर ती उमटली : काळी, सरळ, बारीक. पुढचे चित्र. रेघ रुंदावली, तिच्या डाव्या अंगाला एक फाटा फुटला. त्याच्या पुढचे चित्र. दुसरा फाटा. जिन्यावरच्या चौकटीतले चित्र त्यांच्यापुढे जिवंत होत होते. अंबाजीला लहानपणीची एक दुपार आठवली, लेण्यांवरच्या आग्या मोहोळाची माशी दंडाला चावली होती, आणि चावल्या जागेपासून एक लाल रेघ काखेकडे सरकत गेली होती, अशीच, कोणाला न विचारता. "पाहिलंत?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात एक हलकेपण होते. "तवा बी असंच केलं व्हतं म्या. तेजलताई भाईर गेल्या व्हत्या. तिला न्हाई ठावं. हे उद्या सांगा समितीला. माजं नाव घालून सांगा."

सुहास खुर्चीत मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेले ते अंबाजीला सगळे दिसले : राग गेला, दोन वर्षे गेली, मॅडमचे सोमवारचे वाक्य गेले. मग बराच वेळ काहीच गेले नाही. शेवटी त्याने पुढे वाकून कळफलक जवळ ओढला, आणि अगदी हळू विचारले, "आकडा किती ठेवला होतात, आबा?"

"काय?"

"दाबाचा. किती केला होता?"

अंबाजीने आकडा सांगितला. सुहासने तो लिहून घेतला नाही, ओठांनी दोनदा पुटपुटला, पाठ केला. मग त्याने चित्राला नाव दिले, तारीख घातली, जतन केले आणि पुढचे चित्र सुरू केले. "सुहासदादा," अंबाजी म्हणाला. त्याने त्या मुलाला असे कधी म्हटले नव्हते. "आवो, ह्ये दाखवायला केलंय म्या. खोटं हाय ह्ये, कळावं म्हनून."

"कळलं मला," सुहास स्क्रीनकडेच पाहत म्हणाला. "पण मी हे उद्या बोललो तर काय होईल, आबा? तेजलताई तर परदेशात गेली, तिचं काही बिघडणार नाही. मॅडमचं नाव जाईल, त्या मला दारात उभं करणार नाहीत. तुम्ही निवृत्त व्हाल. आणि मी? माझ्याकडे काय राहील? एक खरं?" त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुमच्या पाया पडतो. मॅडमना बोलवा."

अंबाजी हलला नाही. म्हणून सुहासच उठला आणि जिन्यातून वर ओरडला. मॅडम या वेळी धावल्या नाहीत. त्या एकेक पायरी उतरत आल्या, स्क्रीनपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांची नजर प्रथम चित्राकडे गेली, मग अंबाजीच्या पायांकडे. पाय अनवाणी होते. चपला खुर्चीशी पडल्या होत्या, यंत्र चालवणाऱ्याच्या जागी. त्या चपलांवर त्यांची नजर थोडी अधिक रेंगाळली. मग त्यांनी सुहासच्या पाठीवर हात ठेवला. "शेवटी जमलं तर."

"आबांच्या सायीमुळं, मॅडम," सुहास म्हणाला. "आज साय वेगळीच होती."

"असणारच. मी म्हणतच होते." त्यांनी खिशातून पेन काढले, सुहासच्या वहीचे कोरे पान उघडले. "या वेळी लेखात अंबाजींचे आभार मानायचे. पहिल्या ओळीत. मागच्या वेळी राहूनच गेलं, मला तेव्हापासून वाईट वाटत होतं. अंबाजी, पूर्ण नाव सांगा तुमचं."

सुहास त्याच्याकडे पाहत होता. मॅडम पाहत नव्हत्या, पेन टेकवून वाट पाहत होत्या. बोलायला ही शेवटची जागा आहे, हे अंबाजीला उमगले. तोंडात चिक्की नव्हती. जीभ मोकळी होती. आणि त्याच वेळी, छातीच्या डाव्या बाजूला, जेथे सोमवारी काही तुटले होते तेथेच, एक ऊब पसरू लागली. पहिल्या ओळीत. शालूबाईला वाचून दाखवता येईल. काचेत लावता येईल, घड्याळाशेजारी. ती ऊब किती ओंगळ आहे हे त्याला कळत होते, आणि ती पसरू नये म्हणून त्याने काहीही केले नाही.

"अंबाजी," तो म्हणाला.

"पुढं?"

"भिमाजी," तो म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. "अंबाजी भिमाजी केदारी."

पेन कागदावर चालले. तेवढ्यात त्याच्या तळपायांना ते लागले, कातडीखालून चढत येणारी मुंग्यांची रांग, लांब, अवजड, लोणावळ्याच्या बाजूने. सुई सायीवर होती. चित्र निम्मे उतरले होते. ओळीमागून ओळ रेघ खाली सरकत होती, आणि अंबाजी दातांवर दात दाबून उभा राहिला, थांबा म्हणाला नाही.